सोनाराची पोर आणि फलटणची वही

आधी एक कबुली देतो, मग समीक्षेला हात घालतो.

आमच्या सिल्लोडच्या एका वस्तीतल्या विहारात आम्ही पाचसहा पोरं दर रविवारी सामुदायिक वाचन करतो. वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' आणि एरवी आपल्या माणसांची पुस्तकं. गेल्या साली बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' घेतलं. वाचायचं काम माझ्याकडं. महारवाड्यातली उपासमार, गावकीची कामं, मेलेल्या ढोराच्या मांसाची वाटणी, बाबासाहेबांच्या सभा, हे सगळं मी दणक्यात वाचलं. पोरं तापली. मग सुनेच्या पायात खोडा घालतात तो भाग आला. सासरच्या जाचाला कंटाळून पळालेल्या कोवळ्या पोरीला धरून आणायचं आणि पायात लाकडाचा ओंडका अडकवायचा. घालणारे गावातले पाटील-देशमुख नाहीत. घालणारे आपलेच, महारवाड्यातले.

मी दोन पानं एकदम उलटली आणि पुढं वाचायला लागलो.

मागं भिंतीला टेकून बसलेली एक मावशी म्हणाली, "मधलं काहून गाळलं रे बाबा? पान चिकटलं होतं काय?"

मावशीला अक्षर ओळखू येत नाही. दिवसभर मिरचीच्या वावरात तोडणी करून ती येते आणि ऐकते. पण दोन पानं एकदम उलटलेली तिला दिसली. मी म्हणालो, "नाही मावशी, वेळ कमी आहे." हे खोटं होतं. मला लाज वाटली होती, आणि त्या लाजेला मी मनातल्या मनात 'चळवळीची शिस्त' असं नाव देऊन टाकलं होतं.

त्या गाळलेल्या पानांवरून हा लेख लिहितो आहे. विषय जरा लांबून आणणार आहे, थेट पश्चिम आफ्रिकेतून. पण यायचं आहे आपल्याच विहारात.

१. सोनाराची पोर

त्याच सुमारास एका मित्रानं विद्यापीठातून एका कादंबरीची झेरॉक्स आणून दिली. मूळ पुस्तक फ्रेंच. मला फ्रेंच येत नाही. इंग्रजी भाषांतर, मांडीवर डिक्शनरी, आणि महिनाभराच्या रात्री. लेखिकेचं नाव मारियामा बा. देश सेनेगल. पुस्तक १९७९ चं, नावाचा अर्थ 'इतकं लांब पत्र'. १९८० साली आफ्रिकेतल्या पुस्तकांसाठी नोमा पुरस्कार सुरू झाला तो पहिला याच पुस्तकाला मिळाला, आणि १९८१ साली बाई वारल्या.

सेनेगल १९६० पर्यंत फ्रान्सच्या ताब्यात होता. साहेब गेला, पण कचेरीत आणि शाळेत भाषा साहेबाचीच राहिली. त्यामुळं तिथली शिकलेली बाई जेव्हा लिहायला बसली तेव्हा ती फ्रेंचमध्ये लिहायला बसली.

गोष्ट अशी. रामातुलाय ही शाळेत शिकवणारी बाई. बारा लेकरांची आई. नवरा मोदू वारला आहे आणि मुसलमानी रिवाजाप्रमाणं ती चार महिने दहा दिवसांच्या इद्दतीत घरात बसली आहे. बसल्या बसल्या वहीत आपल्या जिवाभावाच्या मैत्रिणीला, आइसातूला, लांबच लांब पत्र लिहिते. मोदूनं मरायच्या काही वर्षं आधी दुसरी बायको केली होती. कोण? तर आपल्या थोरल्या लेकीची वर्गमैत्रीण! रामातुलाय त्याला सोडून गेली नाही. तिनं सोसलं. तो मेल्यावर मात्र दीर मोठ्या ऐटीत तिला 'वारसा' म्हणून मागायला आला तेव्हा तिनं त्याला सरळ दारातून परत पाठवला. पुढं एक भला माणूस मागणी घालतो, त्यालाही ती नको म्हणते, कारण त्याला आधीच एक बायको आहे आणि दुसऱ्या बाईच्या ताटात हिला माती कालवायची नाही.

आपल्याकडच्या समीक्षकाच्या हाती हे पुस्तक दिलं तर तो लिहील, 'स्त्रीच्या सोशिकतेचा हृद्य आविष्कार'. आपण जरा वेगळं बघू. ज्या मैत्रिणीला पत्र लिहिलं आहे ती आइसातू कोण?

ती सोनाराची पोर.

आपल्याकडं सोनार म्हटलं की पेढी आणि तराजू डोळ्यांसमोर येतो. सेनेगलमध्ये तसं नाही. तिथल्या वोलोफ समाजात वर कुळवंत लोक, आणि खाली कारागिरांच्या जाती. लोहार-सोनार, चामड्याचं काम करणारे, आणि ग्रिओ, म्हणजे गाणारे, वंशावळ सांगणारे. हुनर पिढीजात, लग्न आपापल्यात. कुळवंतानं कारागिराची मुलगी करायची नाही. ग्रिओ मेला तर पूर्वी त्याला जमिनीत पुरत नसत, बाओबाब झाडाच्या ढोलीत ठेवत, का तर त्याच्या देहानं जमीन नापीक होईल. तिथं आपल्यासारखी अस्पृश्यता होती असं मी म्हणत नाही. दोन्ही गोष्टी एक करून टाकणं हा आळस होईल. पण मेल्यावर मातीसुद्धा नाकारणं म्हणजे काय, हे आपल्या माणसाला फोड करून सांगावं लागत नाही.

तर आइसातू सोनाराची, आणि तिच्यावर प्रेम करून लग्न केलेला मावदो हा डॉक्टर, राजघराण्यातल्या बाईचा एकुलता एक लेक. सासूच्या पोटात ते कायम सलत राहतं. ती काय करते? भांडत नाही. गावाकडं जाते, आपल्या भावाची लहान मुलगी मागून आणते, तिला शिकवते, वाढवते, वळण लावते, आणि ती वयात आल्यावर लेकाच्या गळ्यात बांधते. आपल्या रक्ताची सून! डॉक्टरसाहेब म्हणतो, आईचं मन मोडवत नाही. शिकलेला, सुधारलेला, पण आईच्या आडून जातीला शरण गेला.

इथं मला बाबासाहेबांचा १९१६ सालचा निबंध आठवला. कोलंबियात वाचलेला, 'भारतातील जाती'. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि तसं लग्न टिकवायचं तर बाईला ताब्यात ठेवावं लागतं. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही सगळी त्या यंत्राची चाकं. बाबासाहेबांनी पंचविशीत मांडलेलं हे सूत्र डाकारच्या एका घरात कसं चालतं ते मारियामा बा यांनी दाखवलं आहे. सासू हे त्या यंत्राचं हत्यार आणि कोवळी भाची हा त्याचा कच्चा माल. बांनी बाबासाहेब वाचले होते असं मी म्हणत नाही. वाचायची गरजही नव्हती. जिथं जात आहे तिथं तिची चाल सारखीच असते.

आइसातू काय करते? ती थांबत नाही. चार पोरांना घेऊन घर सोडते. नवऱ्याला चिठ्ठी ठेवते आणि त्याचं प्रेम, त्याचं नाव दोन्ही तिथंच ठेवून देते. पुढं शिकते, दुभाषी होते, वॉशिंग्टनच्या वकिलातीत नोकरी करते. रामातुलायचा नवरा गाडी घेऊन दुसरीकडं गेला आणि ही लेकरं घेऊन बसच्या गर्दीत लोंबकळायला लागली, तेव्हा आइसातूच तिला फियाट गाडी घेऊन देते. कुळवंत मैत्रिणीला सोनाराच्या पोरीनं उभं केलं!

मग माझा सवाल असा. या पुस्तकात सगळ्यात आधी, सगळ्यात मोठा नकार दिला कुणी? सोनाराच्या पोरीनं. आणि लेखणी कुणाच्या हातात? कुळवंत बाईच्या. आइसातूचं एकच पत्र आपल्याला वाचायला मिळतं, आणि तेसुद्धा रामातुलाय आपल्या आठवणीतून उतरवून काढते म्हणून. पत्राच्या पोटातलं पत्र. बाकी पुस्तकभर ती ऐकणारी. शेजारची फरमाता ही ग्रिओ बाई तर निरोप नेण्या-आणण्यापुरती, कवड्या टाकून भविष्य सांगण्यापुरती. तिच्या डोक्यात काय चाललं आहे ते आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.

यात मारियामा बा यांना खाली पाडायचा माझा हेतू नाही. रामातुलाय सोनाराच्या पोरीच्या बाजूनं उभी राहते, सासूच्या कुळाच्या तोऱ्याची ती चीड करते. जातीचा सवाल कादंबरीच्या मधोमध आणला हे बांचं मोठेपण. पण सहानुभूती आणि लेखणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे आपण मराठीत भोगलेलं आहे. आपल्याविषयी कळवळ्यानं लिहिणारे पुष्कळ झाले. त्यातला एखादा चांगलाही होता. तरी वही त्याचीच होती.

२. जिचा कागद सापडत नाही, तिचं काय?

दुसरी बाई मारीझ काँदे. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर १९३४ साली जन्म, २०२४ साली वारल्या. त्यांची १९८६ ची कादंबरी आहे तितुबा नावाच्या गुलाम बाईवर. तितुबा खरी होती. अमेरिकेतल्या सेलम गावात १६९२ साली चेटकिणी म्हणून माणसांना फासावर चढवलं, त्या खटल्यात सुरुवातीला जिला धरलं त्यात ही एक. तिचा जबाब कागदावर आहे. पण तुरुंगाचा खर्च भरून कुणीतरी तिला विकत घेतलं आणि त्यानंतर ती कागदावरून नाहीशी झाली. गोऱ्यांचे वंश, त्यांची घरं, त्यांची थडगी सगळी नोंदलेली. हिची नोंद नाही.

काँदे यांनी काय केलं? तिला 'मी' दिला. पुस्तकाच्या नावातच पहिला शब्द 'मी'. आई अबेनावर गुलामांच्या जहाजात गोऱ्या खलाशानं बळजबरी केली, त्यातून जन्मलेली पोर. मालकानं अंगाला हात घातला म्हणून कोयता चालवणाऱ्या त्या आईला लेकीच्या डोळ्यांसमोर फाशी. मग एका म्हातारीकडून झाडपाल्याची विद्या, आणि ती विद्याच पुढं 'चेटूक' ठरली. आपल्याकडं सुईणपण करणाऱ्या, झाडपाल्याचं औषध देणाऱ्या म्हाताऱ्यांच्या वाट्याला काय येतं ते आठवा. अडल्या बाळंतिणीसाठी रात्री बोलावणं, आणि गावात कुणाचं पोर दगावलं की तिच्याकडंच बोट.

इथं 'मी' आहे, पण तो कादंबरीकारानं कल्पनेनं दिलेला 'मी' आहे. दुसरा इलाजच नव्हता. खरीचा कागद जाळला गेला, नव्हे, तो कधी केलाच नाही.

तिसरी बाई अल्जीरियाची आसिया जेबार. १९८५ च्या आपल्या कादंबरीत त्यांनी एक वेगळीच अडचण मांडली. बाप शिक्षक, म्हणून लहानपणी फ्रेंच शाळेत जायला मिळालं. बरोबरीच्या पोरी पडद्यात गेल्या, ही शिकली. म्हणजे फ्रेंचनं हिला मोकळं केलं. पण १८३० साली मुलूख जिंकून गावंच्या गावं जाळणाऱ्या फौजेची भाषाही हीच! मग बाईंनी काय केलं, तर स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या, लपलेल्यांना भाकरी पोचवणाऱ्या, मार खाल्लेल्या खेड्यातल्या अडाणी बायांची तोंडी कहाणी पुस्तकात आणून बसवली. विजेत्याची भाषा घेतली आणि तिच्यात हरलेल्यांच्या घरातल्या बायांना बोलतं केलं.

मित्रांनो, हा भाषेचा सवाल आपलाही आहे. आपली फ्रेंच म्हणजे पुण्याची मराठी. शाळेत 'पानी' म्हटलं म्हणून छडी खाल्लेले आपण. याच पुण्यात फ्रान्सहून आलेले गी प्वातवँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी १९९६ साली गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यात आहेत. चळवळीचा इतिहास आपण ठरावांत आणि पत्रकांत शोधतो. जात्यावरही तो दळला जात होता, आणि तो टिपून घ्यायला बाहेरची माणसं यावी लागली, हे आपल्याला टोचलं पाहिजे.

३. फलटणची वही

आता घरी या.

काँदे यांनी तितुबाला कल्पनेनं 'मी' दिला ते साल १९८६. त्याच १९८६ साली मराठीत दोन पुस्तकं आली. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' आणि शांताबाई कांबळे यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा'. पहिलं त्याआधी १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून, दुसरं १९८३ मध्ये 'पूर्वा'तून छापलं जात होतं. इथं कुणी कुणाला आवाज दिला नाही. इथं सोनाराची पोर दुसरीच्या आठवणीतून बोलत नाही. इथं तितुबा स्वतः वही घेऊन बसली आहे. जगाच्या साहित्यात ही केवढी मोठी गोष्ट आहे ते, आफ्रिकेची कादंबरी शेजारी ठेवेपर्यंत मला कळलं नव्हतं. घरचं सोनं परक्याच्या काट्यावर ठेवल्यावर त्याचं वजन कळलं.

शांताबाई सांगोला तालुक्यातल्या महूदच्या. १९२३ सालचा जन्म, वयाच्या शंभरीला टेकून २०२३ साली गेल्या. १९४२ साली सोलापूर जिल्ह्यात बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या. रामातुलायही शिक्षिका, आइसातूही शिक्षिका. आणि शांताबाईंच्या नवऱ्यानंही दुसरी बायको केली. इथं मी झेरॉक्स आणि चित्तरकथा शेजारी शेजारी ठेवून वाचली. डाकारच्या बाईजवळ बंगला, नोकर, फ्रेंच ग्रंथ. शांताबाईंजवळ काय? माहेरी भाकरीची वानवा. तरी सवतीच्या घरात त्या राहिल्या नाहीत, माहेरी निघून आल्या. अमेरिकेची वकिलात नव्हती, फियाट नव्हती. होती ती मराठी शाळेची नोकरी. कादंबरीतल्या आइसातूचं धाडस आपण वाचून टाळ्या देतो. शांताबाईंचं तेच धाडस आपण 'घरगुती भाग' म्हणून चाळून पुढं जातो.

आणि नाव बघा पुस्तकाचं. 'माझ्या जन्माची' नव्हे, 'माज्या जल्माची'. आयुष्यभर शाळेत प्रमाण मराठी शिकवलेली, पुढं शिक्षण खात्यात अधिकारी म्हणून निवृत्त झालेली ही बाई. तिला 'जन्म' लिहिता येत नव्हता? येत होता. तिनं लिहिला नाही. हा नकार फार शांत आहे, म्हणून आपल्या विद्रोही यादीत तो सापडत नाही. पुढं हेच पुस्तक फ्रेंचमध्येही गेलं. दया पवारांचं 'बलुतं'ही गी प्वातवँ यांनी फ्रेंचमध्ये नेलं. डाकारची बाई सिल्लोडला आली तशी सांगोल्याची बाई पॅरिसला जाऊन आली.

बेबीताई वीरगावच्या, १९२९ च्या. संसार फलटणला. किराण्याचं छोटं दुकान. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद वाचत वाचत त्यांनी वाचनाची भूक भागवली आणि लिहायला घेतलं. लिहिलं ते लपवून. वीस एक वर्षं ती वही घरच्यांपासून दडवून ठेवली. नवऱ्याला कळू दिलं नाही, लेकाला कळू दिलं नाही. फलटणला राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्या नजरेला ती पडली नसती तर कुठल्या तरी फळीवर तिला वाळवी लागली असती.

आता सगळ्यात अवघड जागा.

पुस्तकाचं नाव 'जिणं आमुचं'. 'माझं' नाही. पुस्तकभर 'आम्ही'. समीक्षकांनी या 'आम्ही'चं कौतुक केलं, आणि ते बरोबरच आहे. पण २००८ साली माया पंडित यांच्या इंग्रजी भाषांतराबरोबर बेबीताईंची एक मुलाखत आली. तिच्यात त्या सांगतात, की नवरा संशय घ्यायचा, मारायचा. एकदा सभेसाठी मुंबईला निघाले होते. गाडीत गर्दी, कुणी पोरं बाईकडं बघत होती. तेवढ्यावरून नवऱ्यानं असं मारलं की नाकातून रक्त आलं.

सभेला जाताना, मित्रांनो. समतेच्या सभेला जाताना.

ही गोष्ट पुस्तकात नाही. सुनेच्या पायातला खोडा पुस्तकात आहे, सासूचा छळ आहे, आपल्याच माणसांचं क्रौर्य आहे, पण स्वतःच्या नाकातलं रक्त नाही. ते 'आम्ही'च्या खाली झाकलं. का झाकलं असेल? मला वाटतं, वही ज्यांच्यापासून लपवायची तेच उद्याचे वाचकही होते. तितुबाचा 'मी' गोऱ्यांच्या दप्तरानं खाल्ला. बेबीताईंच्या 'मी'चा थोडा भाग आपल्या घरानं आणि आपल्या चळवळीनं खाल्ला. हे लिहिताना माझा हात जड होतो आहे. पण त्यांनी मुलाखतीत सांगितलं ते दडवायला मी कोण?

४. 'घरची धुणी'

हे मी मंडळात बोललो तेव्हा एक मित्र उसळला. म्हणाला, "शत्रूला आयतं कोलीत द्यायचं का? गावात अजून आपली वरात अडवतात, अजून मसणवट्यावरून भांडणं होतात, आणि तू आपल्याच बापांची उणीदुणी काढतोस! आधी जात जाऊ दे, मग बायांचं बघू."

मित्राचा संताप खोटा नाही. आपल्या बायांची पुस्तकं वाचून 'बघा, यांच्यातही हेच' असं म्हणत सुस्कारा सोडणारी पांढरपेशी मंडळी आहेत. त्यांना खोड्याचं पान पाठ असतं, आणि गावकीची पानं मात्र आठवत नाहीत. ते त्यांचं गाळणं. पण मग विहारात मी केलं ते काय? त्यांनी अर्धं पुस्तक गाळलं, मी दुसरं अर्धं गाळलं. बेबीताईंच्या पुस्तकात दोन्ही एका दोरीत आहेत. वरच्यांनी आम्हाला गुलाम केलं, आम्हाला हुकूम करायला कुणी उरलं नाही, म्हणून आम्ही सुनांना गुलाम केलं, असा तिचा विचार आहे. एक टोक सोडून दुसरं धरता येत नाही.

आणि 'आधी जात, मग बाई' हे कुणाचं सूत्र? बाबासाहेबांचं तर नव्हे. १९१६ चं वर सांगितलं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली ती शूद्र आणि स्त्री दोघांच्या बेड्यांसाठी. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद झाली, हजारोंनी बाया जमल्या. तिथं त्यांनी समाजाची प्रगती बायांच्या प्रगतीवरून मोजतो असं सांगितलं, आणि बायकोनं नवऱ्याची गुलाम नव्हे तर मैत्रीण म्हणून उभं राहावं असंही सांगितलं. १९५१ साली मंत्रिपद सोडलं त्याच्या कारणांत हिंदू कोड बिल होतं. बाईचा सवाल त्यांनी कधी रांगेत मागं उभा केला नाही. रांग आपण लावली.

अजून एक. 'बलुतं'मध्ये दया पवारांनी बायकोवर घेतलेला आपला संशय स्वतःच लिहिला आहे. आपण त्याला काय म्हटलं? प्रामाणिकपणा, निर्भय आत्मशोध. ठीकच म्हटलं. मग तीच गोष्ट जिच्यावर संशय घेतला गेला त्या बाईनं सांगितली की ती 'समाजाची बदनामी' कशी होते? मारणाऱ्यानं सांगितलं तर साहित्य आणि मार खाणारीनं सांगितलं तर फितुरी, हा कुठला न्याय?

प्रस्थापित समीक्षेशी आपलं भांडण जुनं आहे. दलित आत्मकथनाला ती 'दस्तऐवज' म्हणाली, साहित्य म्हणायला तिनं खळखळ केली. पण आपणही बायांच्या आत्मकथनाचा दस्तऐवजच केला. भाषणात दाखला द्यायला, अत्याचार सिद्ध करायला. बेबीताई भाकरीविषयी, बाळंतिणीच्या भुकेविषयी, अंगात आलेल्या बाईविषयी कशी लिहिते, कुठं हसते, कुठं खवळते, शिकून साहेब झालेल्या आपल्याच लोकांना कशी झोडते, हे आपण वाचतच नाही. बा आणि काँदे यांच्या कादंबऱ्यांवर जगभरच्या विद्यापीठांत पानापानानं चर्चा होते. बेबीताईंवर आपण चर्चा करतो ती जयंतीला पाच मिनिटं.

उणिवा नाहीत असं नाही. बांच्या पुस्तकात घरकाम करणाऱ्या पोरींना तोंड नाही. काँदे तर तितुबाची थट्टाही करतात, भुताखेतांचा खेळ इतका करतात की कधी कधी दुःख हलकं होतं. 'जिणं आमुचं' शेवटी शेवटी भाषणाच्या अंगानं जातं. हे सगळं बोललं पाहिजे. बेबीताईंना देव्हाऱ्यात बसवून त्यांची पूजा करणं हाही त्यांना गप्प करण्याचाच प्रकार आहे.

५. मग करायचं काय?

१८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे ही चौदा वर्षांच्या आसपासची मांगाची पोर 'ज्ञानोदया'त निबंध लिहिते. ज्यांना धर्मग्रंथ बघायचाही अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असं भटशाहीला भर उजेडात विचारते. आणि त्यानंतर सव्वाशे वर्षांनी फलटणची बाई वही लपवते! या दोन टोकांच्या मध्ये काय झालं? मुक्ताला फटकारणारा बाहेर होता, आणि शाळा तिच्या पाठीशी होती. बेबीताईंच्या पाठीशी कोण होतं? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला'मध्ये आंबेडकरी चळवळीतल्या बायांना शोधून काढून बोलतं केलं. त्या 'ही'मध्ये किती राग भरलेला आहे ते एकदा ओठांवर घोळवून बघा.

आमच्या सिल्लोड तालुक्यात मिरची तोडणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाया कमी आहेत का? संध्याकाळी त्या घरी येतात, हाताची आग विझायच्या आत चूल पेटवतात. त्यांच्या पोरी शाळा-कॉलेजात जातात. यांतली एखादी रात्री वही घेऊन बसत असेल. ती वही ती उशाखाली ठेवते का डब्याच्या मागं, हे तुम्हाला माहीत आहे? मला माझ्या घरातलं माहीत नव्हतं. विहारातल्या त्या रविवारनंतर मी आईला विचारलं, "आई, तू कधी काही लिहिलंस का?" ती चौथीपर्यंत शिकलेली. म्हणाली, "लिव्हलं होतं लग्नाआधी. मंग चुलीत घातलं." का घातलं ते तिनं सांगितलं नाही. मीही पुढं विचारलं नाही. बापाचा फोटो समोर भिंतीवर होता.

ठराव मांडत नाही, चार साध्या गोष्टी सांगतो. सामुदायिक वाचनात वाचणारी बाई असू द्या आणि पानं गाळायचा अधिकार कुणालाच नको. या सायक्लोस्टाइल अंकाला बाईनं काही लिहून दिलं तर स्टेन्सिल कापताना तिचा 'जल्म' दुरुस्त करून 'जन्म' करू नका. जिला लिहिता येत नाही तिचं ऐकून लिहा, आणि तिला वाचून दाखवल्याशिवाय छापू नका. आणि चौथी, सगळ्यात अवघड. बाई लिहायला बसली असेल तेव्हा भाकरी कोण थापणार ते आधी ठरवा. वेळ न देता दिलेली वही म्हणजे नुसता सत्कार.

त्याच्या पुढच्या रविवारी मी गाळलेली दोन पानं वाचायला घेतली. मावशी म्हणाली, "तू राहू दे." आणि नातीला पुढं केलं. नववीतली पोर. अडखळत अडखळत तिनं वाचलं. खोड्याचा भाग संपला तेव्हा विहारात कुणी हललं नाही. माझा तो उसळणारा मित्र खाली बघत होता. मावशी इतकंच म्हणाली, "आमच्या सासूच्या टायमाला हाये हे. मला ठावं होतं. तुमाला ठावं हाये का न्हाई, ते मी बघत व्हते."

आपल्याला ठाऊक होतं, मावशी. पान आम्हीच उलटत होतो.

जयभीम.

सिल्लोड